बर्निंग स्पिअर यांची ध्वनिमुद्रणे कशी ऐकावीत आणि कशी निवडावीत

जमैकाचे रेगे गायक विन्स्टन रॉडनी, म्हणजेच बर्निंग स्पिअर, यांनी १९६९ साली पहिले गाणे ध्वनिमुद्रित केले आणि २०२३ साली 'नो डिस्ट्रॉयर' हा अल्बम प्रसिद्ध केला. अर्धशतकाहून मोठ्या या काळात त्यांनी आपलीच अनेक गाणी पुन्हा पुन्हा गायली: कधी वेगळ्या निर्मात्यासाठी, कधी वेगळ्या वादकांना घेऊन, कधी रंगमंचावर. शिवाय त्यांतील कित्येकांची डब रूपेही, म्हणजे गायन बहुतांशी काढून बेस व ढोल पुढे आणलेली रूपेही, निघाली. त्यामुळे एखाद्या संगीत-ॲपवर त्यांचे नाव शोधले की एकाच गाण्याची अनेक रूपे, निरनिराळी संकलने आणि वेगवेगळ्या दशकांतील आवाज एकाच यादीत सरमिसळ होऊन समोर येतात. नवा श्रोता त्यांतील पाच-सहा गाणी कशीही ऐकतो आणि 'सगळे सारखेच वाटते' असे म्हणून थांबतो. हा लेख अशा श्रोत्यासाठी आहे. अल्बमांच्या कालक्रमाला चिकटून राहण्यापेक्षा एक गाणे धरावे, त्याची सर्व रूपे शेजारी ठेवून ऐकावीत आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला कोणत्या स्टुडिओत, कोणासाठी आणि कोणत्या वर्षी, हे तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी शिफारस आहे. पुढील सर्व पायऱ्या याच पद्धतीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: कान आणि साधने

रेगेमध्ये गाण्याचा कणा बेस गिटार असते आणि बर्निंग स्पिअर यांच्या गाण्यांत तर कित्येकदा मुख्य चाल बेसकडेच असते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. मोबाइलचा अंगचा स्पीकर तेवढ्या खाली पोहोचतच नाही. तेव्हा मोबाइलच्या स्पीकरवर ही गाणी ऐकून मत बनवू नये. साधे पण बरे हेडफोन किंवा बऱ्यापैकी मोठे स्पीकर पुरेसे आहेत. मात्र ॲपमधील किंवा ॲम्प्लिफायरवरील 'बेस बूस्ट' बंद ठेवावा, कारण त्याने बेस आणि ढोल एकमेकांत मिसळून दोन्हींचा आकार हरवतो.

दुसरी तयारी तालाची आहे. सत्तरच्या दशकातील बहुतेक रूट्स रेगे, म्हणजे श्रद्धा व सामाजिक आशयाचा रेगे, 'वन ड्रॉप' या ठेक्यावर चालतो. चार मात्रांच्या आवर्तनात पहिली मात्रा ढोलाकडून रिकामी सोडली जाते आणि तिसऱ्या मात्रेवर बेस ड्रम व स्नेअर एकत्र पडतात. गिटारचे आखूड तुटक आघात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात. समेवर वजन अपेक्षिणाऱ्या आपल्या कानाला सुरुवातीला ठेका उलटा किंवा सैल वाटतो. त्यावर उपाय सोपा आहे: पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष न देता केवळ तिसऱ्या मात्रेवर हात टेकवत राहावे. एकदा ती जागा पक्की झाली की गायक तिच्या किती मागे-पुढे खेळतो हे ऐकू येऊ लागते आणि रॉडनी यांच्या गायकीचे निम्मे मर्म तिथेच आहे.

दुसरी पायरी: एक गाव आणि दोन माणसे

गीते समजण्यासाठी फार मोठ्या अभ्यासाची गरज नाही, पण थोडी पार्श्वभूमी आधी माहीत हवी. रॉडनी जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरील सेंट ॲन्स बे या गावचे. याच गावात १७ ऑगस्ट १८८७ रोजी मार्कस गार्वी यांचा जन्म झाला. गार्वी यांनी १९१४ साली कृष्णवर्णीयांची जागतिक संघटना उभारली, अमेरिकेत तिचा मोठा विस्तार केला, तिथे तुरुंगवास भोगला, १९२७ साली हद्दपारी सोसली आणि १९४० साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात हाइले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जमैकातील काहींनी त्यात गार्वींच्या शिकवणुकीची पूर्तता पाहिली आणि त्यातून रास्ताफारी पंथ आकाराला आला. सेलासी या पंथीयांसाठी ईश्वराचे रूप, 'जाह', आहेत आणि गार्वी हे प्रेषित आहेत. केनियाचे स्वातंत्र्यनेते जोमो केन्याटा यांच्याशी जोडलेले 'बर्निंग स्पिअर' हे नाव रॉडनी यांनी स्वतःसाठी घेतले, यावरूनही त्यांची नजर आफ्रिकेकडे किती होती हे कळते.

रॉडनी यांच्या गीतांत गार्वी इतक्या वेळा येतात की काही समीक्षकांना ते एकसुरी वाटते. मला तो आक्षेप पटत नाही. एका माणसाची आठवण समाजाने पुसू नये म्हणून गायक वेगवेगळ्या वयांत, वेगवेगळ्या स्वरांत तिची उजळणी करत राहतो आणि प्रत्येक उजळणीचा सूर निराळा असतो. कीर्तनात ध्रुवपद घोळवले जाते तसे ते घोळवणे आहे.

गीते जमैकन बोलीत आहेत. इंटरनेटवर मिळणाऱ्या गीतसंहितांमध्ये ऐकण्याच्या चुका भरपूर असतात, म्हणून आधी दोन-तीनदा नुसते ऐकावे आणि संहिता नंतर, तीही संशय बाळगून, वाचावी.

तिसरी पायरी: सुरुवात १९७५ पासून

कालक्रमाने पहिले अल्बम किंग्स्टनमधील 'स्टुडिओ वन' या स्टुडिओचे असले तरी सुरुवात 'मार्कस गार्वी' या १९७५ च्या अल्बमपासूनच करावी. ओचो रिओस येथील साउंड सिस्टिमचे (लोकांना नाचण्यासाठी तबकड्या वाजवणाऱ्या फिरत्या ध्वनिसंचाचे) चालक जॅक रुबी, मूळ नाव लॉरेन्स लिंडो, यांनी तो निर्माण केला. ध्वनिमुद्रण किंग्स्टनमधील रँडीज स्टुडिओत झाले. त्या वेळी बर्निंग स्पिअर हे एका व्यक्तीचे नव्हे, तर तिघांचे नाव होते: मुख्य गायक रॉडनी आणि सोबतीला रुपर्ट विलिंग्टन व डेलरॉय हाइंड्स. साथीच्या 'ब्लॅक डिसायपल्स' या वादकसंचात बेसवर रॉबी शेक्सपिअर व ॲस्टन बॅरेट, ढोलांवर लेरॉय 'हॉर्समाउथ' वॉलेस, गिटारवर अर्ल 'चिना' स्मिथ आणि ट्रम्पेटवर बॉबी एलिस असे त्या काळच्या किंग्स्टनमधील उत्तमोत्तम वादक होते.

अल्बममध्ये दहा गाणी आहेत. ती पहिल्यांदा अनुक्रमाने आणि सलग ऐकावीत. नंतर तीन गाणी वेगळी काढावीत. पहिले शीर्षकगीत 'मार्कस गार्वी': यात गार्वींची भाकिते खरी ठरल्याचे सांगत गायक उपाशी आणि पैशाविना राहिलेल्या माणसांची अवस्था मांडतो. आवाज कोठेही चढवलेला नाही. फुंकवाद्ये मात्र घोषणेसारखी वाजतात. दुसरे 'स्लेव्हरी डेज': गुलामगिरीचे दिवस आठवतात का, हा एकच प्रश्न गाणेभर फिरत राहतो. जमैकात गुलामगिरी कायद्याने १८३४ साली संपली आणि पूर्ण मुक्ती १८३८ साली मिळाली; म्हणजे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा ती आठवण पणजोबा-खापरपणजोबांइतकीच जुनी होती. साथीदार गायक प्रश्न उचलतात, रॉडनी त्यावर एखादा तपशील टाकतात आणि प्रश्न पुन्हा येतो. तिसरे 'ओल्ड मार्कस गार्वी': पॉल बोगल, नॉर्मन मॅन्ली आणि बुस्टामांटे या जमैकन नेत्यांची नावे सगळे घेतात, पण वृद्ध मार्कस गार्वींची आठवण कोणी काढत नाही, अशी ही तक्रार आहे. या गाण्यात रॉडनींचा आवाज जवळजवळ विलापाच्या सीमेवर जातो आणि तिथेच थांबतो. माझ्या मते संपूर्ण अल्बममधील सर्वांत संयत गायन हेच.

आता या अल्बमची मुख्य गुंतागुंत. जॅक रुबी यांनी ही गाणी जमैकात आपल्या 'फॉक्स' या लेबलवर काढली. लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्सने अल्बम आंतरराष्ट्रीय बाजारात आणताना त्याचे मिश्रण (मिक्सिंग) बदलले आणि काही गाण्यांची गती वाढवली. गोऱ्या श्रोत्यांना ते अधिक रुचेल असा त्यामागचा हिशेब होता. रॉडनी यांना हे मान्य नव्हते आणि पुढे त्यांनी 'स्पिअर' हे स्वतःचे लेबल काढले, त्यामागे हा अनुभव होता. आज सहज मिळते ती आयलंडची आवृत्ती. जमैकन मिश्रण हाती लागले तर दोन्ही शेजारी ठेवून पुढीलप्रमाणे तपासावे. आधी दोन्हींची लांबी पाहावी. मग पेटीवर किंवा तानपुऱ्याच्या ॲपवर दोन्हींचा आधारस्वर लावून पाहावा, कारण टेपची गती वाढवली की स्वरही वर चढतो आणि तो फरक कानापेक्षा पेटी अधिक विश्वासाने सांगते. शेवटी बेस आणि ढोल गायकाच्या तुलनेत किती पुढे आहेत ते ऐकावे. याचा अर्थ आयलंडची आवृत्ती टाकाऊ आहे असा मुळीच नाही. जगातील बहुतेक श्रोत्यांनी हा अल्बम तिच्याच रूपात ऐकला आणि त्याची थोरवी त्यातूनही पोहोचली. आपण काय ऐकत आहोत, हे माहीत असले म्हणजे झाले.

चौथी पायरी: डब शेजारी ठेवणे

१९७६ साली आयलंडने याच अल्बमचे डब रूप 'गार्वीज घोस्ट' या नावाने काढले. डबमध्ये मूळ ध्वनिमुद्रणातील गायन बहुतांशी काढून टाकतात, बेस व ढोल पुढे आणतात आणि गायनाचे किंवा फुंकवाद्यांचे तुकडे प्रतिध्वनीत सोडून देतात. नवख्याला अडचण येते ती नावांची, कारण प्रत्येक गाण्याला इथे वेगळे नाव दिले आहे. 'मार्कस गार्वी' इथे 'द घोस्ट' होते, 'स्लेव्हरी डेज' हे 'आय अँड आय सर्व्हाइव्ह', 'लिव्ह गुड' हे 'जॉन बर्न्स स्कँक', 'ओल्ड मार्कस गार्वी' हे 'फार्दर ईस्ट ऑफ जॅक', 'ट्रॅडिशन' हे '२००० इयर्स' आणि 'जॉर्डन रिव्हर' हे 'ड्रेड रिव्हर'. दोन्ही अल्बम एकाच सीडीवरही निघाले आहेत, पण ती सीडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवल्यास आधी दहा गाणी आणि मग दहा डब असा क्रम येतो. त्याऐवजी ॲपमध्ये स्वतःची यादी करून प्रत्येक गाण्यामागे लगेच त्याचा डब लावावा. गाण्यात झाकली गेलेली बेसची चाल डबमध्ये उघडी पडते आणि मग पुन्हा मूळ गाणे लावले की ती तिथेही ऐकू येते. डब म्हणून हा अल्बम काहीसा सौम्य आहे, हे मान्य करायला हवे. अभ्यासासाठी मात्र तो फार सोयीचा आहे.

पाचवी पायरी: मागे, स्टुडिओ वनकडे

आता १९६९ कडे वळावे. रॉडनी यांनी सांगितलेली हकीकत अशी की सेंट ॲनच्या डोंगराळ भागात त्यांची बॉब मार्ली यांच्याशी गाठ पडली आणि गाणे करायचे असेल तर स्टुडिओ वनमध्ये जा, असा सल्ला मार्लींनी दिला. किंग्स्टनच्या ब्रेंटफोर्ड रोडवरील त्या स्टुडिओत क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड यांच्यासाठी 'डोअर पीप' हे पहिले गाणे मुद्रित झाले. तेथील दोन अल्बम, 'स्टुडिओ वन प्रेझेंट्स बर्निंग स्पिअर' १९७३ मध्ये आणि 'रॉकिंग टाइम' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही ध्वनिमुद्रणे खरखरीत आहेत, साथ कमी आहे आणि आवाज जवळून येतो. १९७५ चा भरगच्च वाद्यमेळ ऐकल्यानंतर ती ऐकली तर त्यांतील मोकळी जागा जाणवते. आधी ऐकली तर ती नुसती अपुरी वाटण्याचा धोका असतो, म्हणून मी त्यांना पाचव्या पायरीवर ठेवले आहे. रॉडनी यांचा आवाज विस्ताराने मोठा नाही. ते खालच्या पट्टीत, कमी शब्दांत, एखादे वाक्य मागे खेचत किंवा मध्येच गुणगुणत गातात आणि ही पद्धत 'डोअर पीप'मध्येच पूर्ण तयार आहे. मूळ अल्बम मिळणे कठीण झाल्यास हार्टबीट या लेबलचे 'क्रिएशन रेबेल' हे संकलन घ्यावे. स्टुडिओ वन काळाचा आवाका त्यात पुरेसा येतो.

सहावी पायरी: एक गाणे, अनेक वर्षे

लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या पद्धतीला खरे फळ इथे येते. 'डोअर पीप' हे गाणे १९६९ चे. तेच १९७६ च्या 'मॅन इन द हिल्स' या अल्बमवर जॅक रुबींच्या निर्मितीत पुन्हा गायले आहे. दोन्ही एकामागून एक लावावीत. पहिल्यात कोणीतरी उंबरठ्यावर उभे राहून बजावत आहे असे वाटते. दुसऱ्यात तेच शब्द समूहाच्या आत्मविश्वासाने येतात. विलिंग्टन आणि हाइंड्स यांची साथ असलेला हा शेवटचा अल्बम होय, आणि त्यानंतर बर्निंग स्पिअर हे एकट्या रॉडनींचे नाव झाले.

'रॉकिंग टाइम'वरील 'वीपिंग अँड वेलिंग' १९७७ च्या 'ड्राय अँड हेवी' अल्बमवर 'वेलिंग' म्हणून परत येते. हा अल्बम रॉडनी यांनी स्वतः निर्माण केला आणि त्यात जुन्या गाण्यांना त्यांनी स्वतःला हवा तसा अवकाश दिला आहे. 'रॉकिंग टाइम'वरीलच 'फॉगी रोड' १९८० साली 'रोड फॉगी' होऊन 'हेल एच.आय.एम.' (हिज इंपीरियल मॅजेस्टी, म्हणजे सेलासी) या अल्बमवर येते. ही जोडी मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण मधल्या काळात गायकाने घाई किती कमी केली हे तिच्यात स्पष्ट ऐकू येते.

शेवटी 'लाइव्ह' हा अल्बम ऐकावा. ऑक्टोबर १९७७ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्याचे ध्वनिमुद्रण झाले. साथीला ब्रिटनमधील अस्वाद या गटाचे वादक आणि जमैकाहून आलेले बॉबी एलिस होते. 'मार्कस गार्वी' आणि 'स्लेव्हरी डेज' यांची रंगमंचीय रूपे त्यात आहेत. साथीदार गायकांची जागा इथे रिकामी आहे आणि ती भरून काढण्यासाठी रॉडनी शब्दांशिवायचे आवाज, हुंकार आणि आरोळ्या वापरतात. पुढील सर्व दशकांतील त्यांच्या मैफलींची रीत इथेच ठरली.

सातवी पायरी: १९७८ ते १९८०

हा काळ माझ्या मते त्यांच्या कर्तृत्वाचा सर्वोच्च टप्पा आहे. 'सोशल लिव्हिंग' १९७८ मध्ये आला. त्याचीच आवृत्ती 'मार्कस चिल्ड्रन' या नावानेही निघाल्यामुळे दोन वेगळे अल्बम समजून दोन्ही विकत घेणारे कमी नाहीत. १९९४ साली मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर या लेबलने त्याची नव्याने केलेली आवृत्ती काढली. त्यातील 'मार्कस से जाह नो डेड' हे गाणे आधी वाद्यांसह ऐकावे आणि नंतर १९७८ च्या 'रॉकर्स' या चित्रपटातील प्रसंग पाहावा, ज्यात रॉडनी रात्री समुद्रकाठी तेच गाणे कोणत्याही साथीशिवाय गातात. वाद्ये काढून घेतल्यावर त्यांच्या गायनात काय उरते, याचे उत्तर त्या काही मिनिटांत मिळते.

'हेल एच.आय.एम.' १९८० साली किंग्स्टनच्या टफ गाँग स्टुडिओत, ॲस्टन बॅरेट यांच्या सहनिर्मितीत तयार झाला. त्यातील 'कोलंबस' या गाण्यात कोलंबसाने जमैका शोधल्याचा दावा रॉडनी सरळ खोटा ठरवतात आणि आधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांचे काय, असे विचारतात. १५०३ साली कोलंबसाची निकामी झालेली जहाजे सेंट ॲन्स बेलाच लागली होती आणि वर्षभर तो तिथेच अडकून पडला होता, हे ध्यानात घेतले की हे गाणे स्वतःच्या गावाच्या इतिहासाशी घातलेला वाद आहे हे कळते. 'आफ्रिकन पोस्टमन' आणि 'क्राय ब्लड आफ्रिका' ही गाणीही सोडू नयेत.

या दोन्ही अल्बमांची डब रूपे म्हणजे 'लिव्हिंग डब'चे पहिले आणि दुसरे खंड. खरेदी करताना इथे विशेष सावध राहावे. मूळ एलपींवरील मिश्रण सिल्व्हन मॉरिस यांचे होते; नव्वदच्या दशकात हार्टबीटने काढलेल्या सीडींवर मात्र नेल्सन मिलर आणि बॅरी ओ'हेअर यांनी नव्याने केलेली मिश्रणे आहेत. मुखपृष्ठ आणि गाण्यांची नावे पाहून हा फरक सहज लक्षात येत नाही, म्हणून मागील बाजूवरील श्रेयनामावली वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पहिल्या खंडाचे मूळ मिश्रण पुढे 'ओरिजिनल लिव्हिंग डब' या नावाने उपलब्ध झाले. निवड करायची झाल्यास तेच घ्यावे.

आठवी पायरी: १९८२ नंतर काय घ्यावे

इथून पुढे अल्बम पुष्कळ आहेत आणि सगळेच ऐकण्याची घाई करण्याचे कारण नाही. 'फारओव्हर' (१९८२) आणि 'रेझिस्टन्स' (१९८५) यांत वादकसंच घट्ट झालेला ऐकू येतो. 'पीपल ऑफ द वर्ल्ड' (१९८६) आणि 'मिस्ट्रेस म्युझिक' (१९८८) यांवर त्या काळातील चकचकीत की-बोर्डचा थर आहे, तो मला आजही खटकतो; ही गाणी पॅरिसच्या झेनिथ सभागृहातील १९८८ च्या थेट ध्वनिमुद्रणात ऐकणे अधिक चांगले. पॅम फ्लेमिंग, जेनिफर हिल आणि निल्डा रिचर्ड्स या तीन स्त्रियांचा फुंकवाद्यसंच हे त्या दौऱ्यांचे मोठे बळ होते. 'कॉलिंग रास्ताफारी' (१९९९) आणि 'जाह इज रिअल' (२००८) या दोन अल्बमांना ग्रॅमी पुरस्कार मिळाले. पुरस्कारप्राप्त म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करणारे अनेकजण आहेत. ते अल्बम वाईट नाहीत, परंतु त्यांतील गाणी ज्या जुन्या गाण्यांकडे वळून पाहतात ती आधी कानात असली तरच त्यांचे वजन कळते.

नववी पायरी: खरेदी आणि नोंदी

संकलने घेताना कोणत्या लेबलच्या काळातील गाणी आहेत ते आधी पाहावे. 'चँट डाउन बॅबिलॉन' (१९९६) हा दोन सीडींचा संच आयलंडकडील ध्वनिमुद्रणांपुरता आहे. त्यात स्टुडिओ वन शोधू नये. 'स्पिअर' लेबलवरील सत्तरच्या दशकातील एकेरी तबकड्या प्रेशर साउंड्स या लेबलच्या 'स्पिअर बर्निंग' या संकलनात एकत्र मिळतात आणि ज्याच्याकडे मुख्य अल्बम आहेत, त्याने पुढची खरेदी हीच करावी. जुनी जमैकन एलपी घेताना मुखपृष्ठाच्या सौंदर्यापेक्षा तबकडीची अवस्था महत्त्वाची: त्या काळचे जमैकन छापकाम मुळातच खडबडीत असे, त्यामुळे दिव्याखाली तिरकी धरून चरे पाहावेत, शक्य असल्यास दोन्ही बाजूंची शेवटची गाणी वाजवून घ्यावीत आणि मधल्या कागदावरील लेबल व त्याभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक यांचे छायाचित्र मागवावे.

नोंदीसाठी एक साधी वही किंवा स्प्रेडशीट ठेवावी. रकाने एवढेच: गाण्याचे नाव, पर्यायी नाव, वर्ष, स्टुडिओ, निर्माता, मिश्रण करणारा, लेबल, लांबी आणि आधारस्वर. ॲपवर दिसणारे वर्ष बहुधा पुनर्प्रकाशनाचे असते, म्हणून ते तसेच उतरवू नये. २००२ पासून रॉडनी आणि त्यांच्या पत्नी सोनिया यांचे 'बर्निंग म्युझिक' हे स्वतःचे लेबल आहे. नंतरचे अल्बम आणि जुन्यांपैकी काहींच्या आवृत्त्या त्यावर निघतात. ज्या अल्बमच्या दोन आवृत्त्या बाजारात असतील आणि मिश्रणात फरक नसेल, त्यातील या लेबलची आवृत्ती घ्यावी, कारण तिचे पैसे थेट गायकाकडे जातात.